धंदा वाढवायचाय? आधी मालकाचे हात मोकळे करा

मी परळला छोट्या धंद्यांची खाती बघते. डबे देणाऱ्या ताया, मिठाईचे बॉक्स बनवणारे, लेडीज टेलर, एसी रिपेअरवाले, छापखाने, म्हणजे दोन माणसांपासून पंधरा-वीस माणसांपर्यंतची मंडळी. यातले बरेच जण येतात ते एकच विचारत, ताई लोन कुठून मिळेल, अजून एक गाळा घ्यायचाय. खाती उघडून बसलं की दिसतं की धंदा वाढतोय खरा पण तो सगळा एका माणसाच्या अंगावर वाढतोय. सकाळी माल आणायला तोच, दुपारी बिलं फाडायला तोच, संध्याकाळी वसुलीला तोच आणि रात्री अकराला व्हॉट्सॲपवर ऑर्डर घ्यायलाही तोच. अशा धंद्यात अजून ऑर्डरी घातल्या की आधी चुका वाढतात, मग उधारी वाढते, आणि मग एक दिवस माणूसच आडवा होतो.

म्हणून खाली जे लिहितेय त्यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी तुमचा वेळ कुठे जातो ते बघा, मग भाव नीट करा, मग अडकलेले पैसे सोडवा, मग काम दुसऱ्याच्या हाती द्या, आणि वाढ सगळ्यात शेवटी. बहुतेक जण सुरुवात वाढीपासून करतात आणि भावाचं बघू नंतर म्हणतात, तिथेच सगळं अंगाशी येतं.

आधी तब्येतीचं, कारण हे लोक शेवटी ठेवतात

दमणं वेगळं आणि बर्नआउट वेगळं. दमलेला माणूस दोन दिवस झोपला की ताजा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या यादीच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद केली, आजार म्हणून नाही तर कामाशी जोडलेली अवस्था म्हणून, आणि तिच्या तीन खुणा दिल्या: अंगातली ताकद संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन उडणं किंवा त्याच्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहणं.

मला हे खात्यांमध्ये आधी दिसतं. मालक बँकेचं स्टेटमेंट उघडत नाही. जीएसटीची नोटीस मेलवर पडून असते, वाचलेली नसते. चांगली, वेळेवर पैसे देणारी पार्टी असते तिचाही फोन उचलावासा वाटत नाही. माणसांवर ओरडणं वाढतं, हिशोब दोन-दोन महिने मागे पडतो. हे आळशीपणामुळे होत नाही हो, इतकी वर्षं राबलेला माणूस एकदम आळशी कसा होईल? हे दिसलं की पुढची कुठलीही पायरी करण्याआधी दोन गोष्टी करा. बीपी आणि शुगर तपासून घ्या, चाळिशी उलटली असेल तर नक्कीच. आणि मन फारच खचलं असेल, झोप लागत नसेल, नको ते विचार येत असतील तर टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. यात लाजण्यासारखं काही नाही. मशीनचा आवाज बदलला की आपण लगेच मेकॅनिक बोलावतो, मग स्वतःच्या बाबतीत कशाला थांबायचं.

एक आठवडा वही लिहा

शाळेची साधी वही घ्या. सात दिवस, कोणीही तुम्हाला काहीही विचारलं, फोन केला, थांबवलं की एक ओळ लिहायची: कोण, काय विचारलं, आणि उत्तर द्यायला साधारण किती वेळ गेला. मोबाइलवर नको, मोबाइल हातात घेतला की दुसरंच काहीतरी सुरू होतं.

लोअर परेलच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मिठाईचे बॉक्स बनवणारं एक युनिट आहे, तिथल्या दादांची अशी वही मी बघितलीये. पानंच्या पानं तेच. पंचिंगवाला विचारतो, "शेठ, ये कौनसे बोर्डपे लेना है?" पेस्टिंगवाल्या बाई विचारतात दादा आज आधी कुठली पार्टी? टेम्पोवाला विचारतो माल कधी भरायचा. आणि सगळ्यात जास्त वेळा काउंटरवरच्या पोराचा फोन, पैसे आले का बघा ना, कारण क्यूआर कोड दादांच्या स्वतःच्या नंबरला जोडलेला. गिऱ्हाईक उभं, पोरगा उभा, आणि दादा बँकेच्या लाइनीत किंवा लोकलमध्ये, जिथे नेटवर्क नाही.

आठवडा संपला की वही घेऊन बसा आणि प्रत्येक ओळीवर खूण करा. जे एकदा लिहून लावलं की परत कोणी विचारणार नाही त्याला एक खूण. जिथे निर्णय लागतो पण नियम घालून दिला तर दुसरा कोणी घेऊ शकतो त्याला दुसरी. आणि जे खरंच फक्त तुम्हीच करू शकता, म्हणजे मोठ्या पार्टीशी भाव ठरवणं, नवीन मशीन घेणं, कोणाला कामावर ठेवणं, त्याला तिसरी. तिसरी खूण फार थोड्या ओळींवर पडते, तुमची वही बघा म्हणजे कळेल.

त्या युनिटमध्ये पहिली खूण असलेली बहुतेक कामं दोन गोष्टींनी मिटली. एक म्हणजे जॉब कार्ड. प्रत्येक ऑर्डरला पुठ्ठ्याचं एक कार्ड, त्यावर पार्टीचं नाव, साइज, बोर्ड किती जीएसएमचा (म्हणजे पुठ्ठा किती जड), डाय म्हणजे कापायच्या साच्याचा नंबर, किती नग, कधी द्यायचे, आणि कार्डाला तयार सँपल बॉक्स बांधलेला. कार्डं खिळ्यांना तारखेप्रमाणे टांगलेली, डावीकडचं आधी. वाचता न येणारा कारागीरही सँपल बघून काम सुरू करतो आणि आधी कुठली पार्टी हे विचारायला कोणाला यावं लागत नाही. दुसरं म्हणजे धंद्याच्या चालू खात्याला जोडलेला क्यूआर आणि काउंटरवर साउंडबॉक्स. पैसे आले की तो डबाच बोलतो.

भाव: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

अंगावर काम जास्त आणि हातात पैसा कमी, याचं कारण माझ्या बघण्यात बहुतेक वेळा भाव असतो. सुरुवातीला गिऱ्हाईक मिळावं म्हणून लावलेला भाव तसाच चालू राहतो, गॅस वाढला, तेल वाढलं, भाडं वाढलं, आणि मालक आपल्या मेहनतीतून तो फरक भरत राहतो.

एक हिशोब करून दाखवते. आकडे समजायला सोपे म्हणून घेतलेत आणि जीएसटी बाजूला ठेवलाय. समजा भांडुपला एक नवरा-बायको ऑफिसचे डबे देतात. रोज १२० डबे, ९० रुपयांना एक, महिन्याचे २६ दिवस. एका डब्यामागे किराणा-भाजी ४५ रुपये, गॅस ५, पोचवायचे १५, म्हणजे ६५ गेले आणि २५ सुटले. १२० गुणिले २५ गुणिले २६, झाले ७८,००० रुपये. यातून जागेचं भाडं २२,०००, दोन मदतनिसांचे २८,०००, लाइट-पाणी-फोन ५,०००, एकूण ५५,००० वजा. उरले २३,०००. दोन माणसं पहाटेपासून रात्रीपर्यंत राबतात त्याचे. म्हणजे त्यांच्या मदतनिसाला १४,००० मिळतात आणि मालकांना माणशी साडेअकरा हजार.

आता भाव ९० चा १०० केला. एका डब्यामागे २५ च्या जागी ३५ सुटतात. समजा वीस गिऱ्हाइकं तुटली, १०० डबे राहिले. १०० गुणिले ३५ गुणिले २६, ९१,०००. वजा ५५,०००, उरले ३६,०००. डबे कमी, काम कमी, पैसे तेरा हजारांनी जास्त. अजून पुढे जा: किती गिऱ्हाइकं गेली तर पहिल्याइतकेच पैसे उरतील? ३५ गुणिले २६ झाले ९१०, ७८,००० ला ९१० ने भागा, म्हणजे साधारण ८६ डबे. १२० पैकी ३४ गिऱ्हाइकं सोडून गेली तरी हातात तेवढाच पैसा, आणि रोज ३४ डबे कमी भरायचे. हा आकडा स्वतःच्या धंद्यासाठी काढा, एकदा तो डोळ्यांनी बघितला की भाव वाढवायची भीती बरीच कमी होते.

भाव सगळ्यांना एका दिवशी वाढवायची गरज नाही. नव्या गिऱ्हाइकाला आजपासून नवा भाव, जुन्याला महिनाभर आधी सांगून. सांगताना माफी मागत बसू नका, "एक तारखेपासून डबा १०० रुपये" एवढंच पुरे, फार तर कशाचे भाव वाढले ते एका वाक्यात. घासाघीस करणारे करतीलच, त्यांना भाव कमी करून देण्याऐवजी वस्तू कमी करून द्या, दोन पोळ्यांचा छोटा डबा, किंवा तीन महिन्यांचे पैसे आधी भरले तर सवलत.

आणि महत्त्वाचं, मालकाचा पगार खर्चात धरा. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, ठरलेली रक्कम, धंद्याच्या खात्यातून घरच्या खात्यात. नवरा-बायको दोघं काम करत असतील तर दोघांचे वेगवेगळे. घर आणि गल्ला एक असला की धंदा चालतोय का बुडतोय तेच कळत नाही, मुलांची फी गल्ल्यातून जाते आणि माल उधारीवर येतो. पगार धरल्यावर धंदा तोट्यात दिसला तर घाबरू नका, तो आधीही तोट्यातच होता, फक्त तोटा तुम्ही अंगावर झेलत होतात.

उधारी आणि वसुली

वाढीने धंदे बुडतात ते इथे. बॉक्सवाल्याचं उदाहरण घ्या. महिन्याला ४ लाखांचा माल जातो, पार्ट्या ६० दिवसांनी पैसे देतात, म्हणजे कधीही बघा साधारण ८ लाख बाजारात अडकलेले. बोर्डचा व्यापारी मात्र १५ दिवसांत मागतो. धंदा दुप्पट झाला की अडकलेले १६ लाख. हे जास्तीचे ८ लाख कुठून आणणार? बायकोचे दागिने, नाहीतर बाजारातून व्याजाने. वर बिल फाडलं की जीएसटी लागू, पार्टीचे पैसे येवोत नाहीतर न येवोत, तो स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. रात्री झोप उडते ती कामाने नाही, या तोंडमिळवणीने उडते.

करायचं काय? पहिलं, उद्यम म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी नसेल तर या आठवड्यात करा. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, आधार आणि पॅन लागतं, एजंटला हजार-दोन हजार देऊ नका. २००६ च्या एमएसएमई म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असेल तर त्यातल्या मुदतीत पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरात एक तरतूद आली, बाजारात तिला सगळे ४३बी एच म्हणून ओळखतात, तिच्यामुळे या मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करून मिळत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षी मिळतो. म्हणून मार्च जवळ आला की मोठ्या पार्ट्यांचे अकाउंटवाले स्वतः फोन करून उद्यम नंबर मागतात. तुम्ही वाट बघू नका, बिलावरच छापून टाका, आणि खाली पैसे किती दिवसांत द्यायचे तेही.

एक लक्षात ठेवा, हे संरक्षण माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यालाही उद्यम नंबर मिळतो, पण तो बँकेच्या कर्जासाठी, उशिराच्या पेमेंटची ही तरतूद त्याला लागू होत नाही.

पैसे अडलेच तर सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, असे तंटे सोडवायला सुविधा परिषद आहे. पण खरं सांगू का, रोजच्या पार्टीवर कोणी तक्रार करत नाही, संबंध तुटतात. रोजच्यासाठी सवय लागते. बिलाच्या दिवशीच बिल पाठवा, महिनाअखेर नाही. मुदतीच्या पाच दिवस आधी एक साधा मेसेज, मुदतीच्या दिवशी फोन, आणि दहा दिवस उलटले की नवीन माल बंद, मग पार्टी कितीही जुनी असो. हा तगादा मालकाने स्वतः करू नये असं माझं ठाम मत आहे. भाव ठरवणारा आणि पैसे मागणारा एकच माणूस असला की संकोच होतो, गोड बोलून पार्टी पुढे ढकलते. ऑफिसातल्या एखाद्या मुलीला मंगळवार आणि शुक्रवार सकाळचा एक तास याच कामाला द्या, हातात उधारीची यादी, आणि "मॅडम सरांनी नियम केलाय, माझ्या हातात नाही" हे वाक्य. खूप फरक पडतो.

नव्या पार्टीकडून निम्मे पैसे ॲडव्हान्स घ्याच. मोठ्या कंपन्यांना माल देत असाल तर ट्रेड्स (TReDS) नावाची ऑनलाइन सोय बघा, तिथे कंपनीने मान्य केलेलं बिल बँकांना देऊन मुदतीआधी पैसे उचलता येतात, आणि २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना आता तिथे नोंदणी सक्तीची आहे.

काम उतरवून देणं

आता माणसं. बरेच मालक म्हणतात माझ्यासारखं काम कोणी करत नाही. बरोबरच आहे, तुमच्यासारखं नाहीच करणार, पण गिऱ्हाइकाला चालेल असं करेल का एवढंच बघायचं. आणि उंटावरून शेळ्या हाकायच्या असंही नाही, सुरुवातीचे दोन-तीन आठवडे शेजारी उभं राहावं लागतं.

आधी तुम्ही ते काम करताना मोबाइलवर व्हिडिओ घ्या, तोंडाने बोलत बोलत: हा बोर्ड असा धरायचा, इथे चमक दिसली की उलटा आहे. पाच मिनिटांचे तुकडे, समोरच्याला कळेल त्या भाषेत. मग तो करेल तुम्ही बघा, मध्ये बोलू नका. मग तो एकटा करेल, तुम्ही फक्त शेवटी तपासा. रोज तपासायचं, मग एक दिवसाआड, मग कधीतरी.

कामाबरोबर निर्णयही द्या, नाहीतर फोन येतच राहतील. यासाठी रुपयांची मर्यादा सगळ्यात सोपी. पाचशे रुपयांपर्यंत काहीही खर्च करायचा असेल, गिऱ्हाइकाला बदलून द्यायचं असेल, टेम्पोला जास्त द्यायचे असतील, मला विचारायचं नाही, फक्त रोजमेळात लिहायचं. महिन्याला यात चारेकशे रुपये चुकीचे जातील. जाऊ देत. तुमच्या डोक्यातली कटकट त्याहून कितीतरी महाग आहे. आणि चूक झाली म्हणून चारचौघांत झापलंत की संपलं, दुसऱ्या दिवसापासून सगळे परत विचारायला लागतात.

पहिला माणूस कोणता घ्यायचा? लोक आपल्यासारखा हुशार मॅनेजर शोधायला जातात, तो परवडत नाही आणि टिकतही नाही. त्यापेक्षा वहीत बघा सगळ्यात जास्त वेळ खाणारं पण साधं काम कुठलं, त्यासाठी माणूस घ्या. बऱ्याचदा ते फोन घेणं, बिलं आणि निरोप असतात, आणि शेजारपाजारची दहा ते तीन वेळ असलेली एखादी वहिनी ते फार नीट करते. हिशोबाला पार्टटाइम अकाउंटंट घ्या. उलाढाल ५ कोटींच्या आत असेल तर जीएसटीचं रिटर्न महिन्याऐवजी तिमाहीला भरायची सोय आहे, टॅक्स मात्र महिन्याला भरावा लागतो, तुम्हाला सोयीचं आहे का ते त्यांना विचारा. माणसं वाढवताना दोन आकडे डोक्यात असू द्या, १० माणसं झाली की ईएसआय म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, २० झाली की पीएफ. हे खर्च भावात आधीच धरले नसतील तर दहावा माणूस जड जातो.

मुंबईत सुट्ट्यांचं गणित वेगळं मांडावं लागतं. कोकणातली मंडळी गणपतीला आणि शिमग्याला जाणारच, यूपी-बिहारची छठला आणि मे महिन्यात, आणि जायलाच पाहिजे, वर्षभर घर सोडून राहिलेली माणसं आहेत ती. अडवून उपयोग नाही, अडवलेला माणूस परत येत नाही. जानेवारीतच भिंतीवर वर्षाचं कॅलेंडर लावा आणि प्रत्येकाकडून तारखा लिहून घ्या. एका कामाला किमान दोघांना येईल असं शिकवून ठेवा, आणि ते दोघं एकाच गावचे नसतील असं बघा.

सीझनला हो म्हणायची मर्यादा

गणपती ते दिवाळी हे साधारण दोन महिने बऱ्याच धंद्यांचं वर्ष काढून देतात, आणि माणसं मोडतात तीही यातच. उपाय एकच, ऑर्डर बंद करायची तारीख आधी ठरवणं. तुमची खरी क्षमता काढा: साध्या दिवशी, कोणी रात्र न काढता, किती माल निघतो? त्याच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच ऑर्डर घ्या. रोज ५० किलो फराळ निघत असेल तर ४० किलोची. वरचे १० किलो कशाला? एक बाई आजारी पडते, लाइट जाते, जुनं खास गिऱ्हाईक शेवटच्या क्षणी येतं, त्यासाठी. पाऊसही आहेच, सप्टेंबर-ऑक्टोबरला एखादा दिवस असा येतो की गाड्या बंद आणि टेम्पो सायनला अडकलेला. ही मर्यादा भरली की व्हॉट्सॲप बिझनेसवर मेसेज लावा, "दिवाळीच्या ऑर्डरी पूर्ण झाल्या, भाऊबीजेनंतरच्या घेतोय." नाही म्हटलेली गिऱ्हाइकं पुढच्या वर्षी ऑगस्टमध्येच फोन करतात, हे मी वर्षानुवर्षं बघतेय.

त्याच ॲपमध्ये कामाची वेळ लावायची सोय आहे, रात्री आठनंतर आपोआप उत्तर जातं. धंद्याचा नंबर आणि घरचा नंबर वेगळा ठेवा आणि धंद्याचा फोन रात्री गाळ्यावर ठेवून या. आठवड्याची एक सुट्टी ठरवा. मालकाचीही. सोमवारी बंद असं बोर्डावर रंगवून घ्या, रंगवलेलं मोडायला माणूस जरा बिचकतो.

आता वाढ

भाव नीट झाला, उधारी ४५ दिवसांच्या आत आली, आणि वहीतल्या पहिल्या दोन खुणांची कामं दुसरं कोणी करतंय, तर एक परीक्षा घ्या. पंधरा दिवस बाहेर जा. गावी जा, कुठेही जा, रोज संध्याकाळी एकच फोन, दहा मिनिटांचा. परत आल्यावर बघा काय काय अडलं. जे अडलं ते अजून तुमच्या डोक्यात आहे, कागदावर आलेलं नाही, ते उतरवा आणि दोन महिन्यांनी परत जा. सलग पंधरा दिवस माल वेळेवर गेला, वसुली झाली, तर दुसऱ्या जागेचा विचार करा, त्याआधी नको.

दुसऱ्या जागेआधीही एक स्वस्त वाट असते. आहे त्याच गिऱ्हाइकाला अजून काय देता येईल? बॉक्स घेणाऱ्या मिठाईवाल्याला कॅरीबॅगही लागते, स्टिकरही लागतो. डबा घेणाऱ्या ऑफिसात महिन्यातून दोन वाढदिवस असतात. भाडं वाढत नाही, ओळख आधीच असते, पैसे कसे देतात ते माहीत असतं.

कर्ज घ्यायचंच असेल तर कशासाठी घेताय त्याप्रमाणे घ्या. मशीनला टर्म लोन म्हणजे हप्त्यांनी फेडायचं कर्ज, मालाला आणि उधारीला सीसी म्हणजे कॅश क्रेडिट, लागेल तसं उचलायचं आणि भरायचं खातं. सीसीच्या पैशातून मशीन घेतलं की रोजच्या मालाला पैसे उरत नाहीत, ही गाठ सोडवायला फार त्रास होतो. मुद्रा योजनेत तारण न देता १० लाखांपर्यंत मिळतं, आणि आधीचं तरुण गटातलं कर्ज नीट फेडलं असेल तर २० लाखांपर्यंत. त्याहून मोठं हवं असेल तर बँकेत सीजीटीएमएसई या सरकारी ट्रस्टच्या हमीबद्दल विचारा, ती असली तर घर गहाण टाकावं लागत नाही. हप्ता ठरवताना सीझनची कमाई धरू नका, जून-जुलैमधल्या मंद महिन्यात जेवढं उरतं त्यातून हप्ता निघतो का ते बघा.

आणि गाळा भाड्याने घेताना लिव्ह अँड लायसन्सचा करार रजिस्टर करून घ्या, महाराष्ट्रात ते सक्तीचंच आहे, आणि लॉक-इनचं, म्हणजे किती काळ करार मोडता येणार नाही त्याचं, कलम नीट वाचा. पहिल्या जागेसाठी लॉक-इन जितका लांब तितकं बरं वाटतं, मालक बाहेर काढू शकत नाही म्हणून, पण दुसऱ्या जागेत तो तुमच्या बाजूने सहा महिन्यांच्या वर ठेवू नका. जमलं नाही तर दोन महिन्यांची नोटीस देऊन, डिपॉझिट परत घेऊन बाहेर पडता आलं पाहिजे.